पावसातला मुक्काम

दीर्घ समुद्रप्रवासाची वर्णने वाचू लागले, की एक गोष्ट सहज ध्यानात येते. वादळाच्या वाट्याला पानेच्या पाने येतात. नवे बेट दृष्टीस पडले, देवमासा दिसला किंवा शीड फाटले, की प्रवाशाची लेखणी धावू लागते. परंतु जहाज नांगर टाकून उभे आहे, माणसे किनाऱ्यावर उतरली आहेत आणि पाऊस काही केल्या थांबत नाही, अशा दिवसाला बहुधा एखाददुसरी ओळच मिळते. दिवसभर पाऊस होता, काम झाले नाही, एवढे लिहून वही मिटली जाते. जणू तो दिवस प्रवासाचा नव्हताच!

शिडाच्या जहाजांच्या काळात असे दिवस थोडेथोडके नव्हते. वारा प्रतिकूल असला की थांबायचे, गोडे पाणी भरून घेण्यासाठी थांबायचे, दुरुस्तीसाठी थांबायचे. प्रवास म्हणजे सतत पुढे जाणे, ही आगगाडीने आणि विमानाने जाणाऱ्यांची समजूत आहे. शिडाच्या जहाजावरील माणसाचा बराचसा प्रवास थांबण्यातच जात असे. चार्ल्स डार्विन ज्या जहाजातून जगप्रवासाला गेला, ते 'बीगल' नावाचे ब्रिटिश आरमाराचे जहाज २७ डिसेंबर १८३१ रोजी इंग्लंडहून निघाले आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परत पोहोचले. या पावणेपाच वर्षांपैकी तीन वर्षांहून अधिक काळ डार्विन जमिनीवरच होता. त्याच्या प्रवासाचा विषय निघाला, की सर्वांना गालापागोस बेटांची आठवण होते. तेथे तो जेमतेम पाच आठवडे होता. त्यापूर्वी दक्षिण चिलीतील चिलोए नावाच्या पावसाळी बेटावर आणि त्याच्या आसपास त्याचे दोन महिन्यांहून अधिक दिवस गेले. त्या दिवसांची आठवण मात्र फारसे कोणी काढत नाही.

२१ नोव्हेंबर १८३४ रोजी बीगलने चिलोएच्या उत्तर टोकाला, सान कार्लोस येथे नांगर टाकला. या गावाला आज आंकुद म्हणतात. डार्विन तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. तीन वर्षे तो या जहाजावर राहत होता; पण जहाजाशी त्याचे सख्य असे कधी जमलेच नाही. नव्वद फूट लांबीच्या त्या जहाजावर सत्तराहून अधिक माणसे निघाली होती. नकाशे काढण्याच्या मेजावर कापडी झोळी टांगून तो झोपत असे, आणि पाय नीट पसरता यावेत म्हणून भिंतीतल्या कपाटाचा एक खण काढून ठेवावा लागे. त्यात त्याला बोट लागण्याचा विलक्षण त्रास होता. पहिल्या आठवड्यात सुरू झालेला तो त्रास अखेरपर्यंत पुरता गेला नाही. अशा माणसाला किनारा ओलाचिंब असला, तरी हवाहवासाच वाटणार.

बीगलचे मुख्य काम होते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचे मोजमाप करून अचूक नकाशे तयार करणे. त्यासाठी कॅप्टन रॉबर्ट फिट्झरॉय याने जहाजावर बावीस क्रोनोमीटर घेतले होते. क्रोनोमीटर म्हणजे जहाज कितीही हेलकावले, तरी अचूक वेळ दाखवणारे घड्याळ. एवढ्या घड्याळांची गरज का पडावी? पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. म्हणून आपण उभे आहोत तेथील वेळ आणि ठरावीक ठिकाणची वेळ यांतला फरक कळला, की आपण त्या ठिकाणापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती अंशांवर आहोत, हे काढता येते. चार मिनिटांची चूक झाली, तर एका अंशाची चूक होते; विषुववृत्ताजवळ एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. एका घड्याळावर भरवसा टाकणे धोक्याचे असते. म्हणून अनेक घड्याळे घ्यायची, ती एकमेकांशी पडताळून पाहायची आणि त्यांतून खरी वेळ काढायची. या घड्याळांची देखभाल करण्यासाठी एक कुशल कारागीर मुद्दाम बरोबर घेतला होता. वेळेचा इतका काटेकोर हिशेब ठेवणारे ते जहाज ज्या बेटाजवळ येऊन उभे राहिले, तेथील वेळेची गोष्ट पुढे येणारच आहे.

चिलोए बेट सुमारे १८० किलोमीटर लांब असून चिलीच्या मुख्य भूमीला समांतर पसरलेले आहे. पश्चिमेकडे अफाट प्रशांत महासागर आहे. तेथून बाष्पाने जड झालेले वारे बाराही महिने येतात, बेटावरील डोंगरांना अडून वर चढतात आणि थंड होऊन बरसतात. सह्याद्रीवर पाऊस पडतो तो याच रीतीने. परंतु आपल्याकडचे वारे चार महिन्यांनी दिशा बदलतात आणि आकाश मोकळे होते. चिलोएचे वारे असे पाठ फिरवून जात नाहीत. डार्विन तेथे गेला, ते महिने दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्याचे होते. तरीही त्याने या बेटाच्या हवेची मनसोक्त निंदा केली आहे. सलग आठवडाभर उघडीप मिळाली तर ते नवलच समजावे, असे त्याचे मत झाले. जंगल एवढे दाट होते, की त्यातली जमीन कधी वाळतच नसे. म्हणून रस्ते लाकडाचे केलेले होते. चौकोनी तासलेले ओंडके जमिनीवर लांबच्या लांब अंथरायचे आणि ते वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांवर आडव्या बल्ल्या टाकून दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायच्या. हिवाळ्यात लाकूड निसरडे झाले, की या रस्त्यावर घोडा घालणे म्हणजे जिवावरचे काम. कारण पडलेला स्वार नेमका त्या खुंट्यांवर आपटे. चिलोएची घोडी मात्र त्या लाकडांवरून मोठ्या चपळाईने उड्या मारीत जात.

जहाज मोजमापासाठी बाहेरच्या किनाऱ्याने गेले. आतल्या बाजूचा, लहान लहान बेटांनी भरलेला समुद्र पाहण्यासाठी फिट्झरॉयने लेफ्टनंट सुलिव्हन याच्या हाताखाली दोन होड्या पाठवल्या. डार्विन त्यांच्याबरोबर जाणार होता. २४ नोव्हेंबरला तो भाड्याच्या घोड्यावरून चाकाओ या ठिकाणी गेला आणि तेथे होड्यांना मिळाला. चाकाओला त्यांनी समुद्रकाठी मुक्काम केला, तेव्हा तेथील अधिकाऱ्याचा मुलगा अनवाणी त्यांना पाहायला आला. होडीच्या डोलकाठीवर इंग्रजी निशाण फडकत होते. ते पाहून त्याने अगदी निर्विकारपणे विचारले, की यापुढे चाकाओवर हेच निशाण राहणार काय? हा प्रश्न विनोदी वाटतो. पण त्यामागे इतिहास आहे. चिली देश स्पेनच्या सत्तेतून मुक्त झाल्यानंतरही चिलोए स्पेनच्या राजाशी निष्ठावंत राहिले होते. १८२६ मध्ये ते चिलीच्या ताब्यात आले. आठ वर्षांपूर्वी एक निशाण उतरून दुसरे चढलेले ज्यांनी पाहिले, त्यांना तिसरे चढले तर नवल ते काय? पुढे कित्येक ठिकाणी लोकांना असेही वाटले, की या होड्या स्पेनच्या आरमाराची नांदी आहेत. संध्याकाळी तेथील गव्हर्नर स्वतः भेटीला आला. तो एके काळी स्पॅनिश सैन्यात लेफ्टनंट कर्नल होता. आता त्याला कमालीचे दारिद्र्य आले होते. त्याने पाहुण्यांना दोन मेंढ्या दिल्या आणि बदल्यात सुती रुमाल, काही पितळी वस्तू आणि थोडी तंबाखू घेतली.

दुसरा दिवस मुसळधार पावसाचा उजाडला. तरी होड्या निघाल्या.

या बेटाचे दारिद्र्य निराळ्या प्रकारचे होते आणि ते समजून घेण्यासारखे आहे. तेथे उपासमार नव्हती. बटाटे, मासे, डुकरे यांची ददात नव्हती. परंतु मजुरीला मागणीच नसल्याने कोणाच्या हाती रोख पैसा येत नसे, आणि पैसा नसल्यामुळे साध्यासाध्या वस्तूही विकत घेता येत नसत. एक माणूस पाठीवर कोळशाचे पोते घेऊन काही किरकोळ वस्तू आणायला निघालेला डार्विनने पाहिला. दुसरा एक लाकडी फळी देऊन दारूची बाटली घेणार होता. अशा व्यवहारात प्रत्येक कारागिराला व्यापारीही व्हावे लागते, कारण मोबदल्यात मिळालेली फळी किंवा कोळसा पुन्हा कोणाला तरी विकायचा असतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात पैशाची आवश्यकता समजावताना हेच सांगितलेले असते. फक्त तेथे फळी भिजलेली नसते आणि ती वाहणाऱ्या माणसाची पाठही दिसत नाही.

३० नोव्हेंबर १८३४, रविवार. सकाळीच होड्या कास्त्रो येथे पोहोचल्या. कास्त्रो हे चिलोएचे जुने राजधानीचे गाव. पण त्या वेळी ते अगदी ओस पडल्यासारखे झाले होते. स्पॅनिश पद्धतीची चौकोनी आखणी ओळखू येत होती. मात्र रस्त्यांवर आणि मधल्या चौकात हिरवेगार गवत उगवून त्यावर मेंढ्या चरत होत्या. चौकात लाकडी फळ्यांचे जुने चर्च होते. गावात काही शे माणसे राहत होती. तरी संपूर्ण गाव धुंडाळूनही पाहुण्यांपैकी एकाला शेरभर साखर मिळाली नाही की साधा चाकू मिळाला नाही.

आणि गावात घड्याळ नव्हते. भिंतीवरचे नव्हते, खिशातले नव्हते, कोणाकडेही नव्हते. वेळेचा अंदाज चांगला आहे, अशी ज्याची ख्याती होती असा एक म्हातारा चर्चची घंटा वाजवण्यासाठी नेमला होता. तो आपल्या अदमासाने घंटा वाजवी आणि त्यावर गाव चाले.

डार्विनने ही गोष्ट गावाच्या गरिबीचा दाखला म्हणून दिली आहे, आणि ती तशी आहेच. पण तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. सूर्य क्वचित दिसतो अशा आभाळाखाली वेळेचा अंदाज बांधणे हे सोपे काम नाही. सावलीवरून वेळ सांगता येत नाही, ताऱ्यांवरून सांगता येत नाही. भरती-ओहोटीची लय, मावळत्या उजेडाची छटा, पाखरांची हालचाल, पोटातली भूक अशा कितीतरी खुणा त्या म्हाताऱ्याच्या कामी येत असतील. बीगलवर बावीस घड्याळे एकमेकांशी पडताळून एक वेळ ठरत होती. कास्त्रोत एका माणसाचा अंदाज सर्वांनी मान्य केला होता. नकाशा काढायला त्या घंटेचा काही उपयोग नव्हता, हे निर्विवाद. रविवारी प्रार्थनेला एकत्र जमायला मात्र ती पुरेशी होती.

होड्या येणे ही त्या आडवळणाच्या गावातील मोठीच घटना. बहुतेक सारे गावकरी किनाऱ्यावर आले आणि पाहुणे तंबू कसे ठोकतात, ते पाहत उभे राहिले. माणसे सौजन्यशील होती. त्यांनी राहायला एक घर देऊ केले. एकाने तर सफरचंदाच्या रसापासून केलेल्या मद्याचे पिंप भेट म्हणून पाठवून दिले. दुपारी गव्हर्नरची भेट झाली. तो शांत, म्हातारा गृहस्थ होता; इंग्लंडातल्या एखाद्या खेडुतापेक्षा त्याचे राहणीमान फारसे वरचे नव्हते.

रात्री पावसाने जोर धरला. तंबूभोवती जमलेले बघ्यांचे वर्तुळ एवढ्या पावसातही लवकर मोडेना. अखेर ते मोडले आणि माणसे आपापल्या घरी गेली. परंतु एक कुटुंब कोठेच गेले नाही. कायलेन नावाच्या दक्षिणेकडील बेटावरून व्यापारासाठी होडीने आलेले ते मूळ रहिवाशांचे कुटुंब होते. इंग्रजांच्या तंबूंजवळच त्यांनी उघड्यावर मुक्काम टाकला होता. त्या रात्री त्यांच्या डोक्यावर कसलेही छप्पर नव्हते. सकाळी डार्विनने त्यांच्यातल्या एका तरुणाला पाहिले. तो नखशिखान्त भिजलेला होता. रात्र कशी गेली, असे डार्विनने त्याला विचारले. तरुणाने स्पॅनिश भाषेत, आदराने उत्तर दिले, की फार छान गेली.

डार्विनला तो अगदी समाधानी वाटला. एवढी नोंद करून तो पुढच्या मुक्कामाकडे वळला.

वाचकाला मात्र येथे थांबावेसे वाटते. त्या उत्तराचा अर्थ काय घ्यावा? पाऊस ज्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे, त्यांना एका रात्रीच्या भिजण्याचे काही वाटत नसेल, हे शक्य आहे. कोळी, नावाडी, मेंढपाळ यांची शरीरे आपल्याहून वेगळ्या रीतीने घडलेली असतात. दुसरेही शक्य आहे. 'कसे आहात?' या प्रश्नाला 'बरे आहे' हेच उत्तर द्यायचे असते, ही जनरीत सगळीकडे आहे. परक्या, सशस्त्र, साहेबी थाटाच्या माणसाने विचारल्यावर तर दुसरे उत्तर सुचणेही अवघड. तो तरुण ज्या भाषेत बोलला, ती त्याच्या पूर्वजांवर राज्य करायला आलेल्यांची भाषा होती. त्या भाषेत नम्रपणे कसे बोलावे, हे तो लहानपणापासून शिकला असणार. खरे काय वाटते ते सांगण्याची भाषा त्याच्याजवळ दुसरी होती, आणि ती विचारणाऱ्याला येत नव्हती.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे. त्याच कास्त्रो गावाने काही तासांपूर्वी परक्या इंग्रजांना राहायला घर देऊ केले होते. त्याच बेटसमूहातून आलेल्या या कुटुंबाला मात्र आडोसा मिळाला नाही. तंबू काही पावलांवर होते. तंबूत त्यांच्यासाठी जागा केली गेली, अशी नोंद नाही. यात कोणी दुष्ट होते असे नाही. गावाला, पाहुण्यांना आणि कदाचित खुद्द त्या कुटुंबालाही हे असेच असते, असे वाटत होते. आणि म्हणूनच ती रात्र मनाला अधिक लागते.

डार्विनच्या बाजूनेही सांगायला हवे. त्याने प्रश्न विचारला. त्या काळच्या प्रवासवर्णनांत मूळ रहिवासी भरपूर येतात. त्यांचे कपडे, होड्या, चेहरे यांची वर्णने येतात. रात्र कशी गेली, असे त्यांच्यापैकी एखाद्याला विचारलेले मात्र क्वचितच आढळते. उत्तराचा अर्थ त्याने घाईने लावला असेल. पण ते उत्तर त्याने लिहून ठेवले. म्हणूनच दोनशे वर्षे होत आली तरी कास्त्रोच्या वाळूवर उभा असलेला तो ओला तरुण आपल्याला दिसतो. त्याचे नाव मात्र त्या नोंदीत नाही.

आठवड्याभरात होड्या त्या तरुणाच्याच मुलखात, कायलेनपर्यंत गेल्या. तेथे ख्रिस्ती जगाचा शेवट होतो, असे म्हणण्याची त्या भागात पद्धत होती; त्यापुढे दक्षिणेला वस्ती नव्हतीच म्हटले तरी चालेल. त्या टोकाला असलेल्या घरातल्या माणसांनी, आम्ही जगाच्या इतक्या कडेला राहतो म्हणून थोडी तंबाखू द्या, अशी विनवणी केली. त्याच सुमारास पाहुण्यांना एक माणूस भेटला. तो साडेतीन दिवस पायी चालत आला होता आणि तेवढेच दिवस चालत परत जाणार होता. कशासाठी? एक लहानशी कुऱ्हाड आणि काही मासे यांचे येणे वसूल करण्यासाठी! हे वाचून हसू येते आणि लगेच ते ओसरते. सात दिवसांच्या पायपिटीची किंमत एका कुऱ्हाडीएवढी भरत होती. कास्त्रोत घड्याळ नसले म्हणून कोणाचे अडत का नव्हते, त्याचे थोडेसे उत्तर येथे मिळते. तास विकत घेणारा कोणी नसेल, तर तास मोजायचे कोणासाठी?

तरीही दिवस मोजणे माणसाला सोडवत नाही. डिसेंबरच्या अखेरीस बीगल आणखी दक्षिणेला, चोनोस बेटांच्याही पलीकडे गेले होते. तेथील एका निर्जन किनाऱ्यावर खलाशांना गवताचे अंथरूण, विस्तवाच्या खुणा आणि कुऱ्हाडीचे घाव दिसले. २८ डिसेंबरला उलगडा झाला. देवमाशांची शिकार करणाऱ्या एका अमेरिकन जहाजावरून काही खलाशी पळाले होते. किनाऱ्याला लागताच लाटांनी त्यांच्या होडीचा चुराडा केला. तेव्हापासून पंधरा महिने ते त्या भिजलेल्या, डोंगराळ किनाऱ्यावर भटकत होते. कोठे आहोत, कोणत्या दिशेला गेल्याने माणसे भेटतील, काहीच माहीत नव्हते. शिंपले आणि सील यांवर ते जगले. एक जण कड्यावरून पडून मरण पावला. बीगलने त्यांना जहाजावर घेतले, तेव्हा त्यांच्या हिशेबाने कोणती तारीख आहे, हे विचारण्यात आले. पंधरा महिन्यांत त्यांचा हिशेब फक्त चार दिवसांनी चुकला होता! त्यांच्याजवळ पंचांग नव्हते, पुढे काय होणार याची आशाही फारशी नव्हती. तरी रोज संध्याकाळी त्यांच्यापैकी कोणीतरी आणखी एक दिवस मोजत होते. कास्त्रोच्या म्हाताऱ्याने त्यांचे कौतुक केले असते.

१८३५ सालचा पहिला दिवस सोसाट्याचा वारा आणि संततधार पाऊस घेऊन आला. आता पाऊस हीच रोजची हवा झाली होती, आणि डार्विननेही त्याच्याशी जुळवून घेतले होते. चोनोस बेटांवर, समुद्राकाठच्या शिंपल्यांच्या वाळूत त्याला रानबटाटे आढळले. सर्वांत उंच झाड चार फुटांचे होते. बहुतेक बटाटे लहान होते. एक मात्र दोन इंच व्यासाचा निघाला. वास आणि रूप अगदी इंग्लंडातल्या बटाट्यासारखे. उकडल्यावर ते आकसले. चव पाणचट लागली. आजचा वाचक येथे थोडा अधिक रेंगाळेल. युरोपात बटाटा आला तो प्रथम अँडीज पर्वतावरून. पण विषुववृत्ताजवळचा तो बटाटा बारा तासांच्या दिवसाला सरावलेला होता. उत्तरेकडच्या लांबलचक उन्हाळी दिवसांत त्याला कंद धरायला फार उशीर लागे. चिलोए परिसराच्या बटाट्याला असे लांब दिवस मुळातच सवयीचे होते. आज जगभर लावल्या जाणाऱ्या बटाट्याच्या बहुसंख्य जातींच्या वंशावळीत दक्षिण चिलीच्या बटाट्याचा मोठा वाटा आहे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. पोर्तुगीजांबरोबर आलेला 'बटाटा' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे, की तो परका आहे हे सांगूनही पटत नाही. उपवासाच्या ताटात मानाने बसणाऱ्या या कंदाचे आप्त त्या पावसाळी वाळूत उगवलेले होते, ही कल्पना गमतीची आहे.

१८ जानेवारीला बीगल पुन्हा सान कार्लोसला आले. दुसऱ्या रात्री मुख्य भूमीवरील ओसोर्नो ज्वालामुखी पेटलेला दिसला आणि जहाजावरचे सारे जण दुर्बिणी घेऊन पहाटेपर्यंत पाहत राहिले. ४ फेब्रुवारी १८३५ रोजी जहाजाने चिलोए सोडले. निघताना सर्वांना आनंदच झाला, असे डार्विनने म्हटले आहे. त्याबरोबर त्याने हेही मान्य केले आहे, की हिवाळ्यातली खिन्नता आणि न थांबणारा पाऊस विसरता आला, तर हे बेट मोहक वाटले असते. तेथल्या गरीब माणसांच्या साधेपणात आणि नम्रतेत विशेष आकर्षण आहे.

पाऊस विसरता आला तर! ही अट मात्र मान्य होण्यासारखी नाही. आभाळ निरभ्र असते, तर हा भूगर्भशास्त्राचा वेडा तरुण हातोडी घेऊन डोंगरात गेला असता आणि कास्त्रोच्या वाट्याला त्याच्या पुस्तकातली एक ओळही आली नसती. पावसामुळेच त्याला माणसांच्या जवळ, किनाऱ्यावर, तंबूच्या दाराशी बसून राहावे लागले. साखर न मिळालेले गाव, घंटा वाजवणारा म्हातारा, कुऱ्हाडीसाठी सात दिवस चालणारा माणूस आणि रात्रभर भिजलेला तो तरुण, ही सारी पावसाच्या बेटावरचीच माणसे. त्यांच्यातून पाऊस वजा करणे प्रवाशाला शक्य होते, कारण त्याला निघून जायचे होते.

कास्त्रो आज चिलोए प्रांताची राजधानी आहे. डार्विनने पाहिलेले चर्च आता नाही. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले लाकडी चर्च उभे आहे, आणि २००० साली युनेस्कोने चिलोएतील जी सोळा लाकडी चर्च जागतिक वारसा म्हणून नोंदवली, त्यांत त्याचाही समावेश आहे. बेटावरच्या जुन्या घरांच्या भिंतींवर माशांच्या खवल्यांसारख्या लाकडी चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात. पाऊस त्यांवरून ओघळून जातो आणि घर आतून कोरडे राहते.